संदर्भ उघडून पाहा, मगच लिहा

पीएच.डी.चा प्रबंध किंवा पदव्युत्तर प्रकल्प लिहिणाऱ्यांना, आणि त्यांच्या मार्गदर्शकांनाही, एक विनंती आहे. चॅटजीपीटीसारखी साधने खुशाल वापरा. पण त्यांनी दिलेला एकही संदर्भ स्वतः उघडून वाचल्याशिवाय प्रबंधात घालू नका.

हे साधन वाचलेल्या मजकुराच्या वळणावरून पुढे कोणता शब्द शोभेल ते ठरवत जाते. त्यामुळे संदर्भ मागितला की संदर्भासारखे दिसणारे काहीतरी मिळतेच. लेखक खरा, नियतकालिक खरे, खंड, अंक, पृष्ठे जागच्या जागी. फक्त तो लेख कुणी लिहिलेलाच नसतो. 2023 साली न्यूयॉर्कमधल्या एका खटल्यात वकिलांनी असेच कधी झालेच नाहीत ते निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि 5,000 डॉलरचा दंड भरला. आता ही साधने इंटरनेटवर शोधही घेतात, त्यामुळे अनेकदा लेख खरा निघतो. पण साधन सांगते तेच त्यात लिहिलेले असेल, याची हमी नाही.

‘सॉफ्टवेअरने तपासलंय, साम्य दहा टक्क्यांच्या आत आहे’ या भरवशावर राहू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, हे खरे. पण ती तपासणी उचलेगिरी पकडते, बनाव नाही. बनावट संदर्भ जगात कुठेच नसतो, म्हणून तो कशाशी जुळत नाही आणि बिनबोभाट सुटतो.

मग विज्ञानात एआयचा एवढा बोलबाला का? आल्फाफोल्ड पाहा. प्रथिनांची रचना वर्तवणाऱ्या या प्रणालीसाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना 2024 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. रचनेच्या प्रत्येक भागाबद्दल आपली खात्री किती, हे आल्फाफोल्ड 0 ते 100 गुणांत सांगते. 90 च्या वर गडद निळा रंग, 50 च्या खाली नारिंगी. नारिंगी भागावर जाणता संशोधक भिस्त ठेवत नाही, आणि निळाही गरजेप्रमाणे प्रयोगाने पडताळतो. चॅटबॉटच्या उत्तराला असा रंग नसतो. खरे-खोटे एकाच ठाम सुरात येते, म्हणून पडताळणी आपल्यालाच करावी लागते.

ती अवघड नाही. डीओआय क्रमांक असेल तर डीओआय डॉट ऑर्गवर टाका आणि शीर्षक, लेखक, वर्ष जुळतात का पाहा. भारतीय विद्यापीठातला प्रबंध असेल तर शोधगंगेवर शोधा. जुन्या मराठी मासिकांना डीओआय नसतो. तिथे ग्रंथालयात जाऊन अंक मागवा, पान काढा. सापडले नाही तर संदर्भ गाळा, आणि त्याच्या आधारावरचे विधानही गाळा.

आणखी दोन गोष्टी. लोकांनी विश्वासाने दिलेल्या मुलाखती किंवा रुग्णांची माहिती त्यांच्या परवानगीशिवाय या साधनांत टाकू नका. आणि साधन कुठे, कशासाठी वापरले ते संशोधन पद्धतीच्या प्रकरणात लिहा. ‘नेचर’ने जानेवारी 2023 मध्येच सांगितले आहे की एआयला लेखक मानता येणार नाही, कारण लेखनाची जबाबदारी ते घेऊ शकत नाही.

मार्गदर्शकांनो, सही करण्याआधी संदर्भसूचीतले कुठलेही पाच संदर्भ निवडा आणि विद्यार्थ्याला ते समोर उघडून दाखवायला सांगा. एक जरी उघडला नाही, तरी सही थांबवा.