प्रमाणपत्राआधी पाया

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये लांबवले. अशा चोऱ्या रोखणारी माणसे हवी आहेत, हे खरेच. पण जळगाव-धुळ्याच्या बंधू-भगिनींनो, नोकरी बदलण्यासाठी घर गहाण ठेवून महागडी प्रमाणपत्रे घेऊ नका. सीआयएसएसपी या बड्या प्रमाणपत्राला परीक्षेसोबत साधारण पाच वर्षांचा अनुभव लागतो. नवख्याने आधी नेटवर्क व लिनक्स पक्के करावे. ‘स्वयम्’वर शिकणे मोफत आहे. मग सिक्युरिटी प्लससारखी प्राथमिक परीक्षा द्यावी. अभियंत्यांनी सी-डॅकची पदविका पाहावी. वकील म्हणून सांगतो, क्लासची फी भरण्यापूर्वी विचारा: मागील वर्षी किती जणांना, कुठे नोकरी लागली? उत्तर लेखी घ्या. ते मिळाले नाही, तर पैसा घरीच ठेवा.