खर्रा, प्रथिने आणि आरसा

विहारात पाचवे शील आम्ही मोठ्याने म्हणतो. खर्रा मात्र त्यात धरीत नाही! चिखल्याच्या मँगनीज खाणीत पाळी संपली की पुडी सुटतेच. खारघरच्या टाटा केंद्रातील संशोधकांनी तोंडाच्या कॅन्सरमधील प्रथिने तपासली आहेत. पेशी बिघडल्या की काही प्रथिने वाढतात, काही घटतात. ती खूण रक्तात वा लाळेत लवकर सापडावी, हा खटाटोप. पण काही प्रथिने साध्या सुजेतही वाढतात. म्हणून अशी चाचणी अजून गावच्या दवाखान्यात नाही. तोवर आरसा आहे. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरणारी जखम, तोंडात तीन बोटे न मावणे, असे काही दिसले तर तुमसरच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला तो बहुधा दुखतच नाही.