दुसऱ्याच्या पुस्तकात आपण

छापील अक्षराला आपल्या घरांतून फार मान आहे. वर्तमानपत्रातील निकालाच्या यादीत मुलाचा क्रमांक सापडला, की ते पान घडी करून वर्षानुवर्षे जपले जाई. पण त्या क्रमांकाची आपण वाट पाहात असतो. ध्यानीमनी नसताना एखाद्या पुस्तकात आपलाच उल्लेख आढळावा, हा अनुभव निराळा. त्यात हर्षाबरोबर संकोचही असतो. आपल्याला न विचारता आपल्याविषयी कोणी आणि कशासाठी लिहिले, हा प्रश्न मनात प्रथम उभा राहतो.

आपल्या माळव्यातील एका मराठी राजघराण्याच्या वाट्याला असे पुस्तक आले. धार आणि देवास ही दोन्ही पवारांची संस्थाने. त्यांतही देवासात थोरली पाती व धाकटी पाती, म्हणजे एकाच गावात दोन राजे! थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्याकडे १९२१ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर काही महिने खाजगी चिटणीस होते. दरबाराचा थाट, तेथील गोंधळ, गोकुळाष्टमीचा उत्सव हे सारे ते आईला व स्नेह्यांना पत्रांतून कळवीत. त्या उत्सवाचे प्रतिबिंब १९२४ मधील ‘अ पॅसेज टू इंडिया’ या त्यांच्या कादंबरीत पडले. तीत गोडबोले नावाचे एक प्राध्यापकही भेटतात. कादंबरीत निदान पात्रांचा पडदा असतो. १९५३ मध्ये मात्र ती पत्रेच ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध झाली. नावातील टेकडी म्हणजे देवासची देवीची टेकडी.

तुकोजीराव १९३७ मध्येच पाँडिचेरीस निवर्तले होते. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह मात्र हयात होते. पत्रे लिहिली गेली तेव्हा ते अवघे अकरा वर्षांचे होते. पुढे १९४७ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. आपले बालपण, १९२७ साली वडिलांशी आलेले वितुष्ट आणि संस्थानाची झालेली दुर्दशा, हे सारे आता कोणासही विकत घेऊन वाचता येणार होते. घरातील दुःख असे चव्हाट्यावर आलेले पाहणे कोणत्या मुलास सुखाचे होईल?

फॉर्स्टर यांच्या मनात द्वेष नव्हता. महाराजांवर त्यांचा खरा लोभ होता, आणि तो पुस्तकात पानोपानी दिसतो. घरच्यांची करमणूक व्हावी म्हणून आपण पत्रांत थट्टेकडे अधिक झुकलो, हेही त्यांनी प्रस्तावनेत प्रांजळपणे सांगितले आहे. तरीही, साहेब विलायतेला काय लिहून पाठवीत आहेत, हे दरबारातील कारकून-चाकरांना कोठून कळावे? जग त्यांना ओळखते ते पाहुण्याच्या नजरेने.

यावर रागावणे हा उपाय नव्हे. १८५७ च्या धामधुमीत वरसईचे गोडसे भटजी माळव्यातून उत्तरेकडे गेले व पुढे आपला प्रवास त्यांनी लिहून ठेवला. चिंतामणराव वैद्यांनी तो १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. एका भिक्षुकाने लेखणी हाती धरली, म्हणून त्या काळाकडे आज आपल्याला मराठी डोळ्यांनीही पाहता येते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून जुनी पत्रे, जमाखर्चाच्या वह्या आणि आजीच्या तोंडच्या हकिकती अजून शिल्लक आहेत. त्या वेळीच उतरून घेतल्या नाहीत, तर आपल्या नातवंडांना आपली ओळख परक्याच्या पुस्तकातूनच होईल.

मात्र लिहिताना एक पथ्य पाळावे. गंधवानीच्या शाळेत मुलांना निबंध सांगताना मी बजावीत असतो, “गावातील माणसाविषयी लिहाल, तर त्याच्यासमोर उभे राहून वाचता येईल असे लिहा.” याचा अर्थ नुसती स्तुती करावी असा नाही. जे लिहावे ते खरे असावे, आणि ज्याच्याविषयी लिहिले तो उद्या वाचणार आहे, याची जाणीव ठेवून लिहावे. न जाणो, तो खरोखरच वाचील!