किडनीला अपाय नाही, पण रुग्णाला?

डायलिसिसवरच्या रुग्णाची कंबर धरली की डॉक्टर डायक्लोफिनॅकला ठाम नकार देतात आणि बऱ्याचदा ट्रॅमाडॉल लिहितात. ‘ही गोळी किडनीला धक्का लावत नाही’ हे त्याचं समर्थन. ते खरं आहे, पण अर्धंच. निकामी किडनी त्या गोळीचं काय करते, हे कोण विचारणार? ट्रॅमाडॉल आणि यकृतात त्यापासून बनणारं, जास्त प्रभावी वेदनाशामक द्रव्य मुख्यतः लघवीवाटेच बाहेर पडतात. ती वाट बंद पडली की दोन्ही अंगात साठतात.

‘डायलिसिसमध्ये निघून जाईल’ हा दिलासाही फोल आहे. घेतलेल्या मात्रेचा ७ टक्क्यांहूनही कमी भाग चार तासांच्या डायलिसिसमध्ये निघतो.

त्यात रुग्ण नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन घेत असेल तर धोका वाढतो. ही औषधं मेंदूतल्या सेरोटोनिनचा प्रभाव वाढवतात, ट्रॅमाडॉलही तेच करतं. शिवाय ट्रॅमाडॉलपासून ते वेदनाशामक द्रव्य बनवणारं यकृतातलं विकरच ही औषधं अडवतात. दुखणं पुरेसं थांबत नाही, मूळ ट्रॅमाडॉल मात्र रक्तात वाढतं, आणि रुग्ण आणखी एक गोळी घेतो. मग थरथर, घाम, ताप, स्नायूंचे झटके, असंबद्ध बडबड, कधी फिटसुद्धा. मला सर्वांत जास्त भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. थरथर आणि बडबड पाहून ‘युरिया वाढला असेल’ असं म्हटलं जातं, आणि गोळ्या चालूच राहतात.

‘मग नैराश्याची गोळी बंद करा’ हे उत्तर तर मुळीच मान्य नाही. फ्लुओक्सेटिनचा अंश कित्येक आठवडे शरीरात राहतो. धोका लगेच टळत नाही आणि दबलेलं नैराश्य पुन्हा डोकं वर काढतं.

रुग्णाने वेदना सोसाव्यात, असंही कोणी म्हणू नये. आधी पॅरासिटामॉल. ते पुरलं नाही तर किडनीवर कमी विसंबणारं ब्युप्रेनॉर्फिन किंवा फेंटानिल, तेही तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, कारण सेरोटोनिनची काळजी फेंटानिललाही लागू आहे. मॉर्फिन मात्र टाळावं; त्याचे अंशही साठतात. ट्रॅमाडॉलच द्यावं लागलं, तर क्रिएटिनिन क्लिअरन्स (किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचं माप) मिनिटाला ३० मिलिलिटरच्या खाली असताना दोन मात्रांत १२ तासांचं अंतर हवं, दिवसाला २०० मिलिग्रॅमची मर्यादा हवी, आणि दीर्घकाळ परिणाम टिकणारी गोळी नकोच.

भारतात २०१८ साली ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं, ते नशेसाठी होणाऱ्या गैरवापरामुळे. किडनीच्या रुग्णाला त्या कायद्याचं संरक्षण पुरत नाही. डायलिसिस केंद्रात ठरावीक काळाने रक्त तपासतात, त्याच दिवशी गोळ्यांची संपूर्ण यादीही तपासली पाहिजे. मानसोपचाराची चिठ्ठी अनेकजण लाजेपोटी घरीच ठेवतात. ती डॉक्टरांनी स्वतःहून, आपुलकीने मागावी.