हाली रुपया गेला, पण बदलून मिळाला, क्रिप्टोचं काय?

जालना : गावातल्या जुन्या माणसांना 'हाली सिक्का' हा शब्द अजून आठवतो. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा जालन्याच्या बाजारात हाच रुपया चालायचा. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य संपलं, पण त्याचा रुपया एका रात्रीत मातीमोल झाला नाही. 7 हाली रुपयांना 6 भारतीय रुपये असा हिशेब ठरला आणि 1959 मध्ये तो पूर्ण बंद झाला.

म्हणजे चलन गेलं, पण लोकांचा पैसा बुडाला नाही. कारण मागे नवं सरकार उभं होतं. 2016 च्या नोटाबंदीत रांगांमध्ये लोकांचे हाल झाले, तरी बँकेत भरलेल्या जुन्या नोटा खात्यात जमा झाल्या.

क्रिप्टोच्या मागे असं कोणी नाही. बिटकॉइन जानेवारी 2009 मध्ये सुरू झालं. 2.1 कोटींपेक्षा जास्त नाणी निघणारच नाहीत, म्हणून त्याची किंमत टिकेल, असं समर्थक सांगतात. यात काहीच तथ्य नाही असं नाही. महागाईनं रुपया घटतो, हे किराणा भरताना सगळ्यांनाच कळतं. पण नोव्हेंबर 2021 मध्ये 69 हजार डॉलरच्या जवळ गेलेलं बिटकॉइन वर्षभरात 16 हजारांच्या घरात आलं. पुढं ते पुन्हा चढलं हेही खरं. मात्र पेरणीला ठेवलेला पैसा असा हेलकावे खाऊ लागला, तर बी-बियाणं आणि खत कशावर आणायचं? एल साल्वाडोर देशानं 2021 मध्ये बिटकॉइनला चलनाचा दर्जा दिला. 2025 मध्ये ते स्वीकारण्याची सक्ती काढून घ्यावी लागली.

शिवाय बिटकॉइन टिकलं म्हणून गावात कोणी आणलेलं प्रत्येक 'कॉइन' टिकेल, असं नाही. 'गेनबिटकॉइन' योजनेत महिन्याला 10 टक्के परताव्याचं आमिष होतं. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी सूत्रधाराला अटक केली. 2023 च्या सुरुवातीला जालन्यातही क्रिप्टो गुंतवणुकीचा वाद पोलिसांपर्यंत गेला.

"सरकार टॅक्स घेतं, म्हणजे मान्यता आहे," असं एजंट सांगतात. हे अर्धसत्य आहे. एप्रिल 2022 पासून नफ्यावर 30 टक्के कर आहे, पण क्रिप्टो हे कायदेशीर चलन नाही. बँक बुडाली तर 5 लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो. क्रिप्टोला तोही नाही. डिसेंबर 2022 मध्ये आलेला ई-रुपया रिझर्व्ह बँकेचा आहे, त्याचा क्रिप्टोशी संबंध नाही.

पैसा किती टिकेल हे मोबाईलवरच्या भावावरून ठरत नाही. तो बंद पडला तर बदलून कोण देणार, यावर ठरतं. कॉइन घ्या म्हणून कोणी दारात आलं, तर आधी हेच विचारा. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा.