पाण्याचा अहवाल आणि पोटाचा अहवाल

जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला आणि राखेचे पाणी कन्हान नदीपर्यंत पोचले. ते करडे पाणी सर्वांना दिसले, म्हणून ओरड झाली. पाण्यातले जे डोळ्यांना दिसत नाही, त्याबद्दल मात्र कोराडीत फारसे कोणी बोलत नाही.

पावसाळा लागला की पोट फुगणे, आंबट ढेकर, पातळ व दुर्गंधीयुक्त शौच अशा तक्रारी सुरू होतात. पालक म्हणतात, "डॉक्टरसाहेब, पाण्यात तर पावडर टाकतात नं!" ब्लीचिंग पावडरने पटकीचे, विषमज्वराचे जंतू मरतात हे खरे. परंतु अमिबा, जिआर्डिया हे परजीवी पाण्यात कवच पांघरून असतात. नेहमीच्या मात्रेतले क्लोरीन त्यांना पुरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम तर क्लोरीनला जुमानतच नाही. १९९३ साली अमेरिकेतील मिलवॉकी शहरात नळाचे पाणी पिऊन सुमारे ४ लाख लोक आजारी पडले, ते याच परजीवीमुळे.

मग अहवालात 'पिण्यास योग्य' कसे येते? कारण नेहमीच्या तपासणीत कोलिफॉर्म जंतू शोधतात, परजीवी नव्हे. परजीवी शोधायला कित्येक लिटर पाणी अतिबारीक गाळणीतून गाळून, उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. बाटलीभर नमुन्याचे ते काम नाही.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, रुग्णाच्या शौचाची तपासणी हीच पाण्याचीही पहिली तपासणी मानावी. ती स्वस्त आहे. एकदा काही न आढळल्यास वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत. एकाच वस्तीत चार-पाच घरी जिआर्डिया निघाला, तर आम्ही डॉक्टरांनी गोळ्या लिहून मोकळे होऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावे. केंद्राने त्या वस्तीची टाकी व जलवाहिनी पाहून मोठा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

नारू असाच हटला. आधी रुग्ण शोधला, मग त्याची विहीर. १९९६ नंतर देशात नारूचा रुग्ण आढळला नाही व २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला.

नारूच्या वेळी पाणी कापडाने गाळून भागले. जिआर्डियाचे कवच मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. ते कापडातून सहज निसटते. तेव्हा वाचकहो, पाणी उकळूनच प्या. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे.