मदतीचे बटण



गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा नातू आठ दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. तो यंदा आठवीत आहे. दुपारचे जेवण आटोपले की तो टॅब घेऊन बसे आणि पाऊण तासाचा गणिताचा पाठ वीस मिनिटांत संपवून, ‘‘आजोबा, वीसपैकी वीस!’’ असे ओरडत अंगणात पळे. अठ्ठावीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला याहून आनंदाची वार्ता ती कोणती?

चौथ्या दिवशी त्याच पाठातले एक उदाहरण मी सहज पाठकोऱ्या कागदावर लिहून दिले. एका संख्येच्या तिपटीत ५ मिळवले असता २० होतात, तर ती संख्या कोणती? त्याने ५ उचलून बरोबरच्या चिन्हापलीकडे नेले, पण चिन्ह बदलायचे राहिले आणि संख्येची तिप्पट २५ झाली. पंचवीसला तिनाने भाग जाईना, तसा त्याचा चेहरा उतरला. मग तो अगदी प्रांजळपणे म्हणाला, ‘‘आजोबा, इथे हिंटचं बटण नाही ना!’’

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसलो. उदाहरण पडद्यावर आले की तो मदतीचे बटण लागोपाठ तीनदा दाबी. पहिल्या दोन सूचना वाचण्यापूर्वीच नाहीशा होत. तिसऱ्या सूचनेत उत्तर असे. ते चौकटीत भरले की पडद्यावर तारे उधळत.

‘या यंत्रांनी मुलांचे वाटोळे केले’ असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. परंतु अशा प्रणालींमागे अनेक दशकांचा अभ्यास आहे. १९७० मध्ये अमेरिकेत हाईमे कार्बोनेल यांनी ‘स्कॉलर’ नावाची संगणकप्रणाली मांडली. ती दक्षिण अमेरिकेच्या भूगोलावर विद्यार्थ्याला प्रश्न विचारी आणि त्याच्या प्रश्नांना उत्तरेही देई. १९८४ मध्ये शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी असे निष्कर्ष मांडले की, स्वतंत्र शिकवणी मिळालेला सर्वसाधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातील ९८ टक्के विद्यार्थ्यांच्या पुढे जातो. प्रत्येक मुलाला स्वतंत्र शिक्षक देणे कोणत्याच समाजाला परवडणारे नाही. मग ते काम यंत्र करू शकेल काय, या प्रश्नाने पुढील संशोधकांना झपाटून टाकले.

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ जॉन अँडरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी बीजगणित आणि भूमितीसाठी अशा प्रणाली तयार केल्या. त्यांचे मर्म पायरीत आहे. यंत्र केवळ अंतिम उत्तर तपासत नाही, विद्यार्थ्याने टाकलेली प्रत्येक पायरी तपासते. माझ्या नातवाने केलेली चिन्हाची चूक जगभरची मुले करतात. त्यामुळे ती यंत्राच्या नोंदीत आधीच असते आणि नेमकी तेथेच सूचना मिळते. प्रत्येक लहान कौशल्य विद्यार्थ्याला कितपत आले आहे याचा अंदाजही यंत्र सतत बांधत असते व तो पक्का होईपर्यंत त्याच प्रकारची उदाहरणे देत राहते. २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला. ब्लूम म्हणाले होते तितका मोठा लाभ मानवी शिकवणीतही आढळला नाही, परंतु पायरी-पायरीने तपासणारी यंत्रे मानवी शिकवणीच्या जवळजवळ बरोबरीला आली होती.

आपल्या देशातील उदाहरणही बोलके आहे. दिल्लीतील अल्प उत्पन्न गटाच्या वस्त्यांत ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीची शाळेनंतरची केंद्रे चालत. तेथील प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. सहावीत बसणारी अनेक मुले गणितात प्रत्यक्षात दोन-अडीच इयत्ता मागे होती. वर्गातील पाठ त्यांच्या डोक्यावरून जात होता. यंत्राने प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीपासून आरंभ करून दिला आणि साडेचार महिन्यांत गणित व हिंदी या दोन्ही विषयांत ठळक प्रगती दिसली. त्या केंद्रांत निम्मा वेळ यंत्रासमोर जाई आणि निम्मा वेळ लहान गटाला शिकवणाऱ्या माणसासोबत, हेही येथे नोंदवले पाहिजे.

तेव्हा यंत्र निरुपयोगी नाही. मग नातवाचे काय चुकले? त्याचे उत्तरही पिट्सबर्गलाच सापडते. व्हिन्सेंट अलेव्हन व केनेथ कोडिंगर यांनी २००० च्या सुमारास भूमितीच्या प्रणालीतील नोंदी तपासल्या, तेव्हा मदत मागणारी मुले बहुतेक वेळा मधल्या सूचना न वाचता थेट शेवटच्या, उत्तर सांगणाऱ्या सूचनेपर्यंत पोहोचत असल्याचे आढळले. आणि ज्यांना मदतीची खरी गरज होती, ती मुले पुष्कळदा ती मागतच नव्हती! २००४ मध्ये रायन बेकर व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, वारंवार अशी चलाखी करणारी मुले त्यांच्यासारख्याच इतर मुलांच्या तुलनेत दोन तृतीयांशच शिकतात. पुढे त्यांनी पडद्यावर ‘स्कूटर’ नावाचे कुत्र्याचे एक पिल्लू आणून बसवले. मूल मन लावून सोडवीत असे तोवर ते खुशीत असे. चलाखी सुरू झाली की ते रुसे आणि ज्या पायरीवरून मुलाने उडी मारली, तिचाच जादा सराव पुढे करी.

उत्तर तयार मिळण्याचा मोह आता कितीतरी वाढला आहे. २०२३ मध्ये तुर्कस्तानातील एका शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. सरावाच्या वेळी ज्यांना चॅटजीपीटीसारखे साधन मोकळेपणी वापरू दिले, त्यांचे सरावातील गुण ४८ टक्क्यांनी वाढले. मात्र साधन काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ते साधन कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले. उत्तर न देता केवळ सूचना देणारे साधन ज्यांना मिळाले, त्यांचे असे नुकसान बहुतांशी टळले. यंत्र तेच होते. फरक होता तो त्याने काय राखून ठेवले याचा.

हे वाचताना मला माझा वर्ग आठवला. फळ्यापाशी उभा असलेला मुलगा अडखळला की क्षणभर थांबून पुढची पायरी मीच सांगून टाकत असे. अभ्यासक्रम पुरा करायचा असे, तासाची घंटा जवळ येत असे. मुले माना डोलावीत, वहीत उतरवून घेत. अठ्ठावीस वर्षांत किती मुलांच्या हातातली पायरी मी अशी काढून घेतली असेल, याचा हिशेब आता लागणार नाही. नातवाला बोल लावण्याचा अधिकार मला नव्हता.

उरलेल्या तीन दिवसांत आम्ही दोघांनी मिळून काही नियम केले. टॅबशेजारी कोरा कागद असलाच पाहिजे. पायरी आधी कागदावर, मग पडद्यावर. मदत घ्यायला मुळीच हरकत नाही, मात्र एका वेळी एकच सूचना, ती मोठ्याने वाचायची आणि मग हात बटणावरून उचलून कागदावर न्यायचा. आणि प्रत्येक पायरी झाली की ‘असे का केले?’ ते एका वाक्यात मला सांगायचे. हा शेवटचा नियमही मी अलेव्हन-कोडिंगर यांच्याकडूनच घेतला आहे. पायरीमागचे कारण सांगायला लावलेल्या मुलांनी तेवढ्याच वेळात कमी उदाहरणे सोडवली, पण त्यांना विषय अधिक समजला, असे त्यांनी २००२ मध्ये दाखवून दिले आहे.

पालकांनो, आपल्या घरीही असे एखादे साधन असेल, तर गुणांचा आकडा पाहण्याआधी एकदा मुलाच्या शेजारी बसून त्याचे बोट कोठे जाते ते पाहा. त्यासाठी तुम्हाला गणित येण्याची आवश्यकता नाही. ‘का?’ एवढा एक प्रश्न विचारता आला आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसता आले की पुरे. यातले दुसरे अधिक कठीण आहे, हे मी स्वानुभवाने सांगतो.

निघण्याच्या आदल्या दुपारी नातवाने अर्ध्या तासात चारच उदाहरणे सोडवली. त्यांतले एक चुकले. ‘‘पाच इकडून वजा केले, तर तिकडूनही वजा करायला हवेत, नाहीतर तराजू कलेल,’’ असे त्याने मला समजावून सांगितले. तराजू हा शब्द मी त्याला दिला नव्हता. चुकलेल्या उदाहरणाचा कागद घडी घालून त्याने दप्तरात ठेवला आणि तो अंगणात गेला. त्या दिवशी ‘वीसपैकी वीस’ अशी आरोळी मात्र आली नाही.